स्वगताला काना नसतो

‘स्वगत’ आणि ‘स्वागत’ या दोन शब्दांत एका कान्याचा फरक. स्वागताला काना आहे, म्हणजे कान आहे. स्वगताला तो नाही. शाळेत आमचे मराठीचे सर हा विनोद दर वर्षी करायचे आणि दर वर्षी आधी स्वतःच हसायचे. तेव्हा तो नुसता विनोद वाटायचा. आता वाटतं, शोकांतिकेतल्या स्वगताबद्दल जाडजूड पुस्तकांत जे सांगतात त्यातलं निम्मं तरी या कोटीत आलं होतं. ज्याचं ऐकायला कुणी उरलेलं नाही, त्याचं बोलणं म्हणजे स्वगत.

आज यावर जरा ऐसपैस लिहायचंय. निमित्तं दोन. पहिलं म्हणजे मध्यंतरी इथे कराडात एका शालेय अभिनय स्पर्धेला जाऊन बसलो होतो, तिथे ओळीने पाच मुलांच्या तोंडून ‘नटसम्राट’मधली स्वगतं ऐकली. दुसरं निमित्त घरातलं आहे, त्याच्याकडे येतोच. (नातेवाईक मंडळींनी तोवर धीर धरावा. :) )

मुलं तयारीची होती. एकाने तर शाल, काठी, खोकला, थरथरता हात असा सगळा सरंजाम आणला होता. वय वर्षं बारा! टाळ्या पडल्या, त्याला बक्षीसही मिळालं. माझी तक्रार त्या पोराबद्दल अजिबात नाही. स्वगत हे नाटकातून सोलून काढायचं आणि फोडणी देऊन वेगळं वाढायचं, ही जी आपली सवय झालीय तिच्याबद्दल आहे. एकपात्री स्पर्धा, गॅदरिंग, गणपतीतले कार्यक्रम, आणि आता मोबाईलवरच्या दीड-दीड मिनिटांच्या फिती. सगळीकडे स्वगत सुटं मिळतं. नाटक मात्र सोबत येत नाही. आणि नाटक काढून घेतलं की स्वगताचं भाषण होतं. भाषण टाळीसाठी असतं. स्वगताला टाळी पडायला समोर कुणी आहे हे त्या पात्राला ठाऊकच नसतं, तीच तर त्याची सगळी मेख आहे.

आमच्या भागाचा या विषयाशी फार जुना संबंध आहे, आणि तो इथल्याच लोकांना माहीत नसतो याची मला खंत वाटते. कराडपासून जवळच, कृष्णाकाठी टेंभू हे गाव आहे. आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी, सांगोल्याकडच्या कोरड्या रानांना नेणारी. चांगलंच आहे. पण याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले, शाळेची सुरुवातीची वर्षं त्यांनी कराडात काढली, आणि याच माणसाने हॅम्लेट मराठीत आणला. ‘विकारविलसित’, १८८३. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, हे आपण शाळेत शिकतो. तिथल्या मुक्कामात आगरकर हॅम्लेटच्या भाषांतराचं काम करत होते, हे बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं.

मला मात्र त्या एका ओळीपाशी थांबावंसं वाटतं. वय सव्वीस. कोठडी. आणि समोर एका तरुण राजपुत्राची स्वगतं, जो स्वतःच डेन्मार्कला तुरुंग म्हणतो. गंमत अशी, की आगरकर तिथे एकटे नव्हते. सोबत टिळक होते, आणि दोघांचे वाद आणि हसणं किती जोरात चालायचं हे आगरकरांनीच तुरुंगावरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. म्हणजे मराठीतलं हॅम्लेटचं एकटेपण ज्या काळात घडत होतं, त्या काळात भाषांतरकाराला हक्काचा श्रोता शेजारी होता. तो श्रोता पुढे पाच वर्षांत तुटला. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेल्या माणसाला काय स्वगत सुचलं असेल, असा विचार माझ्यासारख्या नाटकवेड्याच्या मनात येतोच. पण आगरकरांनी स्वगत नाही लिहिलं. त्यांनी अग्रलेख लिहिले. ज्याला अजून आशा आहे, तो अग्रलेख लिहितो.

असो. विषयावर येऊ.

‘स्वगत’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजी नाटकं यायच्या कितीतरी आधीपासून होता. संस्कृत नाटकांत तर बोलण्याचे प्रकारच ठरलेले. सगळ्यांना ऐकू जाईल ते ‘प्रकाश’, मनातल्या मनात ते ‘स्वगत’ किंवा ‘आत्मगत’, इतरांना वगळून एकाशीच केलेली कुजबूज ती ‘जनान्तिक’ (त्यासाठी हाताची एक खास मुद्राही होती), आणि कुणी नसताना वर पाहून दिलेली उत्तरं म्हणजे ‘आकाशभाषित’. केवढी बारकाईची सोय! पण संस्कृत नाटककार शोकांतिकेच्या वाटेला फारसे गेले नाहीत. भासाचं ‘ऊरुभंग’ यासारखा अपवाद सोडला तर शेवट गोडच. त्यामुळे तिथलं स्वगत बहुधा एक-दोन वाक्यांचं, फार तर एका श्लोकाचं. राजाला शकुंतला आवडली हे आपल्याला कळावं, एवढं त्याचं काम. शब्द तयार होता, त्यावर ओझं पडलं ते शेक्सपिअर आल्यावर.

आणि तो आमच्याच भागातून आला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार गायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची, तिथे स्वगताला जागाच नव्हती. पुढे सांगलीशेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. आगरकरांचा हॅम्लेट, म्हणजे ‘चंद्रसेन’, रंगभूमीवर उभा केला तो शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी. शाहूनगर म्हणजे आपलं साताराच. सांगलीच्याच खाडिलकरांचं ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ वाचा, त्यात हॅम्लेट आणि इयागो एकाच वाड्यात राहायला आल्यासारखे वाटतात. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसं स्वतःशी मोठ्याने बोलायला शिकत होती, असं मी कधी कधी गमतीने म्हणतो.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्याला शिकवलं जातं, की स्वगतात माणूस खरं बोलतो. इतरांसमोर मुखवटा, एकटा असताना चेहरा. परीक्षेत लिहायला हे उत्तर चांगलं आहे, पण ते खरं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

इयागोच घ्या. तो आपल्याशी एकट्याने बोलतो तेव्हा ऑथेल्लोचा द्वेष का करतो याची कारणं सांगतो. आधी बढती हुकल्याची चीड असते. मग म्हणतो, ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी आहे असं लोक बोलतात. खरं-खोटं मला माहीत नाही, पण मी ते खरं धरून चालणार. पुढे तोच संशय कॅसिओवरही घेतो. कारणं बदलत जातात, द्वेष तसाच राहतो. म्हणजे द्वेष आधीचा आणि कारणं नंतर शोधलेली. हा माणूस एकांतात खरं बोलत नाहीये, स्वतःला पटवून देतोय. आपण सगळे हे करतो, फक्त आपल्याला प्रेक्षक नसतात.

याच्या बरोबर उलटा क्लॉडिअस. ‘हॅम्लेट’मधला खुनी काका. त्याला सगळे खलनायक म्हणून निकालात काढतात, पण त्या अख्ख्या नाटकात सर्वांत सरळ, न फिरवलेलं स्वगत त्याचं आहे असं मला वाटतं. भावाचा खून केलाय, खुनामुळे मिळालेलं राज्य आणि राणी सोडवत नाही, मग क्षमा कशी मागू? एवढं स्वच्छ तो स्वतःशी कबूल करतो आणि गुडघे टेकतो. तेवढ्यात मागून हॅम्लेट येतो. तलवार हातात, पाठ समोर. पण तो येतो ते स्वगत संपल्यावर! त्याला फक्त प्रार्थना करणारा माणूस दिसतो. प्रार्थनेत मारला तर हा स्वर्गात जाईल, म्हणून तो तलवार म्यान करतो. आणि तो गेल्यावर क्लॉडिअस उठून म्हणतो, की प्रार्थना काही जमली नाही. हॅम्लेट चार मिनिटं आधी आला असता, त्याने ते स्वगत ऐकलं असतं, तर पुढची प्रेतं पडली नसती. अख्खी शोकांतिका एका न ऐकलेल्या स्वगतावर उभी आहे. आणि ते ऐकलं कुणी? आपण. तिकीट काढून, खुर्चीत बसून. आपल्याला सगळं माहीत असतं आणि आपण कुणालाही सांगू शकत नाही. शोकांतिका बघताना पोटात जे तुटतं, त्यातला मोठा वाटा या न सांगता येण्याचा असतो, असं मला वाटतं.

(जाता जाता. हॅम्लेटचं ते जगण्यामरण्याबद्दलचं जगप्रसिद्ध स्वगत चालू असताना तोही खरा एकटा नसतो. ओफिलिया तिथेच असते, राजा आणि पोलोनिअस आडोशाला कान देऊन उभे. स्पर्धेतल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. आणि त्याचं शेवटचं मोठं स्वगत १६०४ च्या प्रतीत आहे, १६२३ च्या संग्रहात मात्र ते गायब. म्हणजे कात्री तेव्हाही चालत असावी!)

ग्रीकांकडे हा प्रकार जवळजवळ नाहीच, कारण त्यांच्या रंगमंचावर वृंद कायम हजर. नायक काहीही बोलला तरी ऐकायला पंधरा नागरिक उभे. सोफोक्लिसच्या ‘एजॅक्स’मध्ये वृंद मुद्दाम बाहेर जातो आणि एजॅक्स जमिनीत तलवार रोवून एकटा बोलतो, हा दुर्मीळ प्रसंग. मला हे वाचताना नेहमी आमचा सोमवार पेठेतला जुना वाडा आठवतो. सहा बिऱ्हाडं, एक नळ. तिथे हॅम्लेट झालाच नसता. पहिल्या वाक्याला वरच्या मजल्यावरून कुणीतरी ‘काय म्हणालास रे?’ विचारलं असतं.

पण मग वाड्यातल्या, खेड्यातल्या बायकांनी काय केलं? त्यांनी जातं शोधलं. पहाटे घर झोपलेलं, पिठाची घरघर, आणि त्या आवाजाच्या आडोशाने ओवी. सासर, भाऊ, मेलेलं मूल, नवऱ्याचा मार, सगळं त्यात. म्हणायचं जात्याला किंवा विठ्ठलाला, ऐकलं कुणी तर ते गाणं, नाही ऐकलं तर स्वगत. आपल्या नाट्यशास्त्राच्या पुस्तकांत याची कुणी नोंद घेत नाही, पण माझ्या मते मराठीतलं सर्वांत मोठं स्वगत तेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर! शेक्सपिअरच्या कुठल्याही नायकाला एवढं बोलायला मिळालं नाही. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले हे फार बरं झालं. त्या पहाटेच्या बोलण्याचं पुढे काय झालं, ते मात्र मला खरंच जाणून घ्यायचंय.

रंगभूमीवर स्वगत हद्दपार झालं त्याची तारीख सांगता येते. १ जुलै १९३३, नाट्यमन्वंतरचं ‘आंधळ्यांची शाळा’. दिवाणखाना खरा दिसायला हवा, बायकांची कामं बायकांनी करायला हवीत, आणि खरी माणसं काही एकटी मोठ्याने बोलत नाहीत, सबब स्वगत बंद. पहिल्या दोन गोष्टी पटतात. तिसरी नाही. खरी माणसं एकटी बोलतात, चांगली मोठ्याने बोलतात. पुढे कित्येक वर्षं दिवाणखानी नाटकांना याची पळवाट म्हणून टेलिफोन लागायचा. नायिका रिसीव्हर उचलून पलीकडच्या अदृश्य मैत्रिणीला मनातलं सगळं सांगायची. आकाशभाषितच की ते, फक्त वायर जोडलेली! आता प्रीतिसंगमावर संध्याकाळी चक्कर मारली तर निम्मी माणसं कानात बोंडं घालून हातवारे करत बोलताना दिसतात. लांबून बघितलं तर घाटभर स्वगतं चाललीत असं वाटावं.

स्वगत परत आलं ते माझ्या मते दोन दारांनी. एक, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, १९६७. बेणारेबाईंचं शेवटचं बोलणं तेंडुलकरांच्या मनात मुळात नव्हतं, अरविंद देशपांड्यांनी हट्टाने लिहून घेतलं, हे प्रसिद्ध आहे. तिला बोलायला मोजके सेकंद मिळतात, आजूबाजूचे सगळे गोठतात, ती भरभरून बोलते, आणि मुदत संपते. ती खरंच बोलली का? कोर्टातल्या कुणीही काहीही ऐकलेलं नाही. सुलभा देशपांड्यांचं ते काम पाहिलेली माणसं अजून त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात. दुसरं दार ‘नटसम्राट’, १९७०. शिरवाडकरांचं नाटक आणि डॉ. लागू. (लागूंचा जन्म साताऱ्याचा, हे इथल्या कुठल्याही माणसाशी बोललात तर पहिल्या पाच मिनिटांत कळेलच. २०१९ मध्ये ते गेले तेव्हा आमच्याकडे घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं.)

‘नटसम्राट’मध्ये एक गोष्ट आहे जी त्या स्पर्धेत पाचांपैकी एकाही मुलाला कुणी सांगितलेली दिसली नाही. अप्पा बेलवलकर पहिल्यापासून लांबलचक बोलतो. नट आहे, जुन्या भूमिका अंगात भिनलेल्या. पण कावेरी असते तोवर ते बोलणं तिच्याकडे जात असतं. ती हसते, दटावते, पाणी देते. ती गेल्यावर शब्द तेच, आवाज तोच, पण आता ते कुठे पोचत नाहीत. नाटककाराने काही बदललेलं नाही, फक्त समोरची एक खुर्ची रिकामी केली आहे. त्या खुर्चीचा अभिनय आधी करायला हवा, खोकल्याचा नंतर.

आता दुसरं निमित्त.

आईला जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून अण्णा एकटे असले की बोलतात. कुजबुजत नाहीत, स्वच्छ, नेहमीच्या आवाजात. सकाळी चहा गाळताना, दुपारी माजघरातल्या खुर्चीत. विषय साधे असतात. कोथिंबीर, वीजबिल, धाकट्याची बदली. आणि एक जुना जमिनीचा व्यवहार, ज्यावरून आई आणि अण्णा तीस वर्षं भांडले. ते भांडण ती असताना मिटलं नाही. आता अण्णा ते दोन्ही बाजूंनी एकटेच लढतात, आणि मला जेवढं कानावर येतं त्यावरून सांगतो, आईची बाजू हल्ली वरचढ होत चालली आहे.

यावर घरात मतं पडली आहेत. आत्या म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. दाखवलं. त्यांनी तास-दीड तास घेऊन स्मरणाच्या सगळ्या चाचण्या केल्या, सत्त्याहत्तराव्या वर्षी इतकी चांगली स्मरणशक्ती कमी बघायला मिळते म्हणाले. पुण्याचा दादा म्हणतो, मोठा टीव्ही घेऊन द्या, घरात आवाज राहील. काकूंचं म्हणणं, त्यांना एकटं सोडूच नका, ते बोलायला लागले की लगेच जाऊन विचारायचं, ‘अण्णा, कुणाशी बोलताय?’

तुम्हा सगळ्यांची माया मला कळते. तरीही माझं मत जाहीरपणे सांगतो. तो प्रश्न कुणीही विचारू नये. ते कुणाशी बोलताहेत हे त्यांना माहीत आहे, ती नाही हेही त्यांना माहीत आहे. तीस वर्षांत जे पटलं नाही ते ते आता स्वतःला पटवून देताहेत, आणि त्या कामाला मोठा टीव्ही उपयोगाचा नाही. आडोशाला उभं राहून ऐकणाऱ्या पोलोनिअसचं काय झालं ते नाटक वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी दारामागेही थांबत नाही. जिन्यावर चपला जरा जास्त वाजवतो. तेवढ्यात त्यांचं वाक्य पुरं होतं.

पण नाटकाची उपमा इथे एका जागी तुटते, हेही सांगायला हवं. प्रेक्षकाला रंगमंचावर चढता येत नाही. मला येतं. रोज चढतो, शेजारच्या खुर्चीत बसतो, चहा पितो. मी बसलो की अण्णा ‘प्रकाश’ बोलायला लागतात, म्हणजे बातम्या, हवापाणी. माझं तिथे बसणं चांगलंच आहे, फक्त त्याने आईची खुर्ची भरत नाही. मुलगा हा वेगळ्या भूमिकेसाठी घेतलेला नट असतो.

‘हॅम्लेट’ पुन्हा वाचताना परवा एक गोष्ट नजरेत आली. पाचव्या अंकात त्याचं एकही स्वगत नाही. समुद्रावरून परत आल्यापासून तो एकटा बोलतच नाही. कबरस्तानात, वाड्यात, अगदी शेवटच्या द्वंद्वाच्या आधी, जे काही मनात येतं ते होरेशिओला सांगतो. होरेशिओ फारसं बोलत नाही. ‘हो महाराज’, ‘असेल महाराज’, एवढंच. पण तो त्याच्या शाळेतला आहे, वयाचा आहे, आणि तिथे आहे.

अण्णांचे असे एक मित्र आहेत. चाळीस वर्षं दोघे संध्याकाळी घाटावर जायचे, त्या जमिनीच्या व्यवहाराचे साक्षीदारही तेच. गेली दोन वर्षं ते मुलाकडे बंगलोरला असतात. कालच त्यांच्या सुनेला फोन केला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता आधाराने जिना चढतात. दिवाळीनंतर महिनाभर कराडला यायचं म्हणताहेत. आमच्या खालच्या मजल्यावरची खोली रंगवायला काढली आहे.